फोनवर न सांगितलेला मासा

प्रिय लस्तिनी,

पोरी, पत्र बघून घाबरू नकोस. नफिसा ठणठणीत आहे, मी आहे, घराची कौलंही जागच्या जागी आहेत. हातात फोन असताना सासू पत्र कशाला लिहिते म्हणशील. फोनवर माझं काही खरं नाही. तू आईला हाक मारावी तशी 'एमाक, कशा आहात' विचारतेस, मी 'बरी आहे' म्हणते, तेवढ्यात नफिसा फोन ओढते आणि माझं बोलणं पोटातच राहतं. म्हणून आज ती शाळेत गेल्यावर तिच्याच वहीतली पानं फाडली आणि मागच्या ओट्यावर बसले. मशिदीमागच्या बायकांच्या वर्गात सहा महिन्यांत शिकलेली ही अक्षरं, चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखी. सांभाळून वाच.

आधी चांगली बातमी. तुझ्या लेकीचा वरचा दुसरा दातही पडला. वरचा दात जमिनीवर फेकायचा असतो, तर हिने नेम धरून कौलावर फेकला. शेजारची कसियेम भिंतीवरून बघत होती. म्हणाली, आता हिचा दात आभाळाकडे बघत उगवणार. नफिसा तिला म्हणते कशी, तुमचे तर सगळे पडले, तुम्ही कुठे फेकलेत? कसियेम इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी तिला हसताना बघून किती दिवस झाले होते. तिचा मुलगा रोकिब आणि आपला मुस्तकीम एकाच होडीतून गेले, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींसमोर हसायचं टाळतो.

तर सोतो, आपला कोंबडीचा रस्सा. रोज्यांच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, एमाक, कोंबडीचं सोतो तुम्ही नक्की कसं करता, मला सगळं पहिल्यापासून सांगा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सहा वर्षं तू माझ्या चुलीपाशी होतीस, पण मसाल्याला मी तुला हात लावू दिला नाही. तुझ्याकडे शेवया भिजवणं, अंडी उकडणं, कोबी चिरणं. आणि आता तू शहरातून, लुंग्या विणायच्या कारखान्यातून दमून येऊन मला विचारतेस. दुसऱ्या दिवशी मी मासळीबाजारात निम्म्या बायकांना सांगितलं, आमच्या सुनेला माझ्याच हातचं सोतो लागतं म्हणून.

तेव्हा फोनवर घाईत सांगितलं, आता नीट लिहिते. कोंबडी गावठी घे, अंडी द्यायची थांबलेली. बाजारातली पांढरी पाण्यात कापूस होते. गार पाण्यात घालून मंद विस्तवावर ठेव, फेस काढत राहा आणि घाई करू नकोस. हळद ओली, बोटभर, ती आधी निखाऱ्यावर भाज, नाहीतर कच्चा वास येतो. लसूण, छोटे कांदे, आलं, मिरी, केमिरीच्या चार बिया भाजून. सगळं पाट्यावर वाटायचं. तुझ्या भाड्याच्या खोलीत पाटा नाही हे मला माहीत आहे, मिक्सरमध्ये कर, पण पाणी घालू नकोस, तेल घाल. मग ठेचलेला गवती चहा आणि लिंबाची पानं टाकून परतत राहा, तेल सुटेपर्यंत. मुस्तकीम म्हणायचा, आई, तेल सुटलं की मला होडीवर वास येतो. खोटारडा. होडीवर याला डिझेलशिवाय कसला वास येणार होता? पण मी दर वेळी खूश व्हायचे आणि ते त्याला कळायचं.

समुद्रावरून आला की तो दाराजवळ, पाय बाहेर सोडून बसायचा. मोठा वाडगा, कोंबड्याचं चित्र असलेला, कड उडालेला. दुसरा दिलेला चालायचा नाही. लिंबू मी पिळलेलं चालायचं नाही. तुला आठवत असेल, एकदा तू पिळलंस तर तो म्हणाला, आता हा वाडगा तुझा, मला दुसरा आण. आणि तू रागाने खरंच तो अख्खा वाडगा खाल्लास, पोटात नफिसा होती तेव्हा. मग रात्रभर पोट धरून बसलीस आणि हा तुझ्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडे बघून हसत होता.

पश्चिमेचा वारा सुटलेले दिवस होते. जाऊ नको असं मी म्हटलं नव्हतं. लोक म्हणतात आईला आधी कळतं, मला काही कळलं नाही. त्या दिवशी मी दाराशी कोबी निवडत होते आणि त्याला म्हटलं, येताना मीठ आण. चौघं गेले, दोघं सापडले. रोकिब आणि आपला मात्र सापडले नाहीत. तेव्हापासून आपल्या घरात समुद्रातला मासा शिजलेला नाही. का, ते तुला मी सांगायला नको, आणि नफिसाला तू सांगू नकोस.

कसियेमने सगळं रीतसर केलं. तिसरा दिवस, सातवा, चाळिसावा, शंभरावा, वर्षाचा, आणि हजार दिवस भरले तेव्हाही गावातली माणसं बोलावून प्रार्थना केली, बरकतीचा भात घरोघर गेला. मी एकही दिवस मोजला नाही. मोजायला सुरुवात करायची म्हणजे तो कुठल्या तरी एका दिवशी मेला असं ठरवायचं. त्याऐवजी मी दर गुरुवारी सूर्य मावळताना त्याचा वाडगा भरायचे. लोक मेलेल्यांसाठी ठेवतात तसा उघडा नाही हं. वर ताटली झाकून, गरम राहावा म्हणून. लिंबू बाजूला. सकाळी तो मांजराला जायचा. तू इथे होतीस तोवर काही बोलली नाहीस. कसियेम बोलायची. तस्रिपा, म्हणायची, तुझा वाडगा निवतोय आणि त्याच्याबरोबर तुझी सूनही.

मागच्या वर्षी तू तो धर्मन्यायालयाचा कागद घेऊन आलीस. नवरा परत येणार नाही याची आईने साक्ष द्यायची, मग तू मोकळी होणार. गुनार्दीचं नाव तू घेतलं नाहीस, पण तुमच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा कुणी विधुर आहे हे माझ्या कानावर आलं होतं. मी कागद वाचला. वाचता येत नाही असं दाखवलं, पण वाचला. म्हटलं, जिवंत माणसाला मी माझ्या हाताने मारणार नाही. तू डोळे पुसलेस, शेवया भिजवल्यास, जेवलीस आणि शेवटच्या बसने गेलीस. कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवून गेलीस आणि पुन्हा कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. डबा मी रोज उचलायचे.

कोया सांगायची राहिली. तळ्यातल्या कोळंबीचे पापड तळून, लसणाच्या चकत्या कुरकुरीत तळून, दोन्ही एकत्र कुटायचं. अगदी पीठ नाही, थोडं रवाळ. वाडग्यात वरून दोन चमचे, ढवळलं की रस्सा दाट होतो. मागच्या आठवड्यात मी कोया कुटत होते तर कसियेम येऊन बसली. माझ्याकडून कोया उसनी न्यायची तिची सवयच आहे. नेहमीसारखी वाटी पुढे केली आणि म्हणाली, एक बोलू, रागावशील. म्हटलं, तू कधी विचारून बोललीस? तर म्हणाली, मेलेल्याचं निमित्त करून जिवंत पोर धरून बसली आहेस तू. लस्तिनीचं लग्न झालं तर नफिसा शहरात जाईल, ही खरी भीती आहे तुझी. मी तिची वाटी भरली आणि तिला घरी जायला सांगितलं.

आता ती गोष्ट, जी फोनवर मी तुला सांगितली नाही. तू विचारल्यावर मी दोन दिवस आनंदात होते. तिसऱ्या दिवशी भात वेळताना डोक्यात आलं, एकटी बाई एवढ्याशा खोलीत अख्ख्या कोंबडीचं सोतो कुणासाठी करते? हात भाजला माझा. त्यानंतर तू पुन्हा फोन केलास, मसाल्यात अजून काय पडतं विचारलंस, तेव्हा मी म्हटलं, एवढंच. बांडेंग मासा मी गाळला. जाणूनबुजून गाळला, विसरले नव्हते. आपल्या घरचं सोतो आपलं होतं ते त्या माशामुळे. उकडून, काटे एकेक वेचून, मसाल्याबरोबर वाटलेला. दिसत नाही, वास येत नाही, पण नसला की कळतं. मुस्तकीम चेष्टा करायचा, मी समुद्र उपसतो आणि आई तळ्यातला मासा घालते. तो तळ्यातला म्हणूनच या पाच वर्षांतही घरात राहिला. मला वाटलं, परक्या माणसाच्या वाडग्यात माझ्या मुलाची चव कशाला?

ईदच्या सुट्टीत तू नफिसाला आठ दिवस घेऊन गेलीस. आल्यावर ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मग परवाचा गुरुवार. मी वाडगा भरून, झाकून, दाराशी ठेवला आणि कसियेमकडे गेले, कारण तिला घालवून दिल्यापासून मला चैन पडत नव्हतं. परत आले तर नफिसा दारात, पाय बाहेर सोडून, तो मोठा वाडगा मांडीवर घेऊन खात होती. ताटली बाजूला. लिंबू पिळून झालेलं. माझा हात उठला होता, लस्तिनी, खोटं सांगत नाही. ती मला बघून घाबरलीसुद्धा नाही. म्हणाली, आजी, मांजर दर शुक्रवारी बाबांचं खातं, मग मी का नको? ती खात राहिली. मग म्हणाली, बाबांना लिंबू किती लागायचं, मी जास्त पिळलं वाटतं.

मी तिच्या शेजारी बसले. पाच वर्षांत त्या जागी कुणी बसलं नव्हतं. ती तोंड भरून सांगायला लागली की आईनेही सोतो केलं होतं, गुनार्दी काका आले होते, त्यांनी दोनदा घेतलं आणि छान आहे म्हणाले. पण आजी, म्हणाली, त्यात काहीतरी नव्हतं. मी आईला विचारलं मासा घातलास का, तर आई म्हणाली, आजीने अजून सांगितला नाही.

आजीने अजून सांगितला नाही. पोरी, मी त्या दारात बसून ते वाक्य किती वेळा मनात म्हटलं असेल. सहा वर्षं तू माझ्या पाठीमागे बसून कोबी चिरत होतीस. मी काटे वेचताना तू दिवा धरायचीस. तुला मासा माहीत नाही असं कसं होईल? तुला मसाल्यातली प्रत्येक गोष्ट ठाऊक होती, तरी तू मला विचारलंस, दोनदा विचारलंस, आणि मी दिला नाही म्हणून घातला नाहीस. त्या माणसाला अर्धवट वाढलंस आणि त्याने ते छान म्हणून खाल्लं. तू पाककृती मागत नव्हतीस. आणि मी बाजारभर मिरवत होते.

तर मासा असा घ्यायचा: एक मध्यम, पोट चकचकीत, डोळा स्वच्छ. हळद-मीठ लावून उकड, निवू दे, काटे हाताने वेच, घाई केलीस तर एखादा राहतो आणि नेमका पाहुण्याच्या घशात जातो. मसाल्याबरोबर वाट. आता तुला सगळं सांगून झालं, मागे काही ठेवलं नाही.

कसियेमचं म्हणणंही खरं होतं, तेही लिहून टाकते. वाडगा मुलासाठी होता आणि कागद नातीसाठी अडवला होता. नफिसाची शहरातली नवीन शाळा जुलैत सुरू होईल, तोवर तिच्या दप्तराची शिवण घालून ठेवीन. त्याआधीच्या गुरुवारी ये, गुनार्दीलाही आण. गावातली माणसं बोलावली आहेत, हजारावा दिवस करायचा आहे. मोजणी फार मागे पडली आहे, पण प्रार्थना सांगणारे म्हणाले, उशिरा केलं तरी पोचतं. मोठा वाडगा गुनार्दीला मिळायचा नाही, तो आता नफिसाचा आहे, ती शहरात घेऊन जाणार म्हणते. त्याच्यासाठी मी साधा नवीन आणून ठेवला आहे. लिंबू त्याचं त्याने पिळावं. या पानांच्या आत तुझा तो कागद घडी करून ठेवला आहे, ओला होऊ देऊ नकोस. काल गावप्रमुखासमोर सही केली, त्यांनी शाईचा डबा पुढे केला होता पण मी अंगठा दिला नाही, नाव लिहिलं. कागदात आहे तेच इथेही लिहिते, म्हणजे तुला माझ्याकडून कळलं असं होईल. माझा मुलगा मुस्तकीम समुद्रात गेला, तो परत येणार नाही.

सासू म्हणून सही आता चालायची नाही, म्हणून जी राहते ती करते.

तुझीच,
नफिसाची आजी