पोळ्याला धुतलेली मोटर

देऊळघाट,
सोमवार

प्रिय प्रतीक्षा,

बुधवारी फोनवर तू म्हणालीस की दिवाळीआधी घरी नवी स्कूटर येईल, शोरूमचा माणूस या गुरुवारी येऊन जुनी मोटरवाली सायकल बदल्यात घेऊन जाईल, तेवढी पुसून ठेव. मी ‘बरं’ म्हणाले. मी इतक्या पटकन ‘बरं’ म्हटलं की माझ्या मनात काहीतरी वेगळंच शिजत असतं, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं. सायकल मी देणार नाही. का देणार नाही हे फोनवर सांगायला जावं, तर ‘मोटर’ हा शब्द निघाल्याबरोबर तुझ्या ऑफिसात कुणीतरी तुला हाक मारतं. म्हणून हे पत्र. निदान पत्र तरी तुला मध्येच ठेवून देता येणार नाही.

आधी आनंदाची बातमी. शुक्रवारी तुझ्या सायकलीचे तीस हजार किलोमीटर पूर्ण झाले. बुलढाण्याच्या बाजारात पोचले तेव्हा मीटरवरचा आकडा दोन किलोमीटरने कमी होता. मी भाजीची पोती उतरवली आणि रिकामी सायकल घेऊन बाजाराला फेऱ्या मारत बसले. पाचव्या फेरीला लोकांना वाटलं माझं काही हरवलंय. मिरचीवाल्या सरस्वतीबाईंनी मात्र दुकान सोडून रस्त्याच्या कडेला उभं राहून मोजदाद केली, आणि आकडा फिरला तशी टाळ्या वाजवल्या. त्यांना चाकावर नारळ फोडायचा होता. मी म्हटलं, बाई, दगडावर फोडा, पाणी मोटरीत जाईल. तुझी आई अशी झाली आहे बघ. सगळ्या बाजारानं खोबरं खाल्लं आणि त्या दिवशी माझी मेथी दहा वाजायच्या आत संपली.

तू मार्करनं पुठ्ठ्यावर लिहून दिलेले नियम अजून कोठीच्या दाराला आहेत. शाई उडाली, पण मला आता त्यांची गरज नाही. आधी पाय, मग मोटर. जागेवरून उठताना नुसत्या मोटरीच्या जिवावर कधी उठत नाही, चार पायडल मारते आणि मग हळूच मूठ पिळते. चढाच्या मध्यावर थांबत नाही, रांगतही नाही, खालूनच वेग धरते आणि वरपर्यंत पाय चालू ठेवते. माथ्यावरच्या लिंबाखाली उतरून मोटरीवर तळहात ठेवते. वीसपर्यंत मोजेस्तोवर हात ठेवता आला तर पुढे, नाही तर पाणी पिऊन बसायचं. हवा दर चार दिवसांनी. वांगी जास्त असली तर कोबी दुसऱ्या दिवशी. तुझे बाबा चारचौघांत सांगतात, “मले ताप आला तं इनं कधी हात लावून पाह्यला नाई, अन् त्या चाकाले रोज पाह्यते.” मी त्यांना सांगितलं, तुम्हीही रोज पन्नास किलो वांगी वाहा, मग बघते.

आता ते सांगते जे तू ऐकून घेत नाहीस. तुझ्या शेवटच्या परीक्षेला, ही सायकल दाखवायची होती तेव्हा, मीही आले होते, कॉलेजच्या व्हरांड्यात बसले होते, आणि दार उघडं होतं. बाहेरून आलेले ते परीक्षक काय म्हणाले ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. हाताने तांबं गुंडाळलेली ही मोटर ओझ्याखाली दहा हजार किलोमीटरच्या आत जळणार, हे घरगुती काम आहे, असं ते सगळ्या पोरांसमोर म्हणाले. सहा महिने तू त्या तारांपाशी बसली होतीस. बोटांना चिरा पडल्या होत्या, जेवताना तिखट झोंबायचं म्हणून तू चमच्यानं पिठलं खायचीस. घरी आलीस, सायकल माझ्या हाती दिलीस, ‘चालेल तोवर चालव’ म्हणालीस आणि पंधरा दिवसांत पुण्याला विम्याच्या ऑफिसात फोन उचलायला गेलीस. त्यानंतर तू तांब्याच्या तारेला हात लावला नाहीस. मला त्याचं फार वाईट वाटतं.

पण मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे, आणि ती तू गेल्यावर दोनच महिन्यांत घडली. त्या वर्षीचा पोळा आठवतो? तू आली नव्हतीस. आमचा तो बैलांशिवायचा पहिला पोळा. जोडी आपण मोताळ्याच्या मामांकडे दिलेली, गोठा रिकामा, आणि तुझ्या आजोबांचं, आबांचं, घरात मन लागेना. आदल्या संध्याकाळी ते गोठ्यात एकटेच काय करतात म्हणून मी बघायला गेले, तर वाटीत लोणी आणि हळद कालवलेली, हातात पळसाचं पान, आणि आबा तुझ्या सायकलीची खांदशेकणी करत होते. बैलाच्या खांद्याला चोळतात तसं, मोटरीच्या आसाला, हळूहळू, फटीत बोट घालून. मला म्हणाले, बैल गेल्यापासून घराचं ओझं हिनं वाह्यलं, मान हिचाच. मला हसू आलं आणि रडूही. मी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला नदीवर घेऊन गेले आणि बैलासारखी पाण्यात उभी करून घासून घासून धुतली, मागचं चाक आसापर्यंत पाण्यात. मग हँडलला घुंगरमाळ, पुढे बाशिंग, कॅरियरवर झूल. मारुतीच्या देवळासमोर तोरणाखाली बैलांच्या रांगेत आपली सायकल उभी होती, प्रतीक्षा, आणि आबा तिच्या शेजारी फेटा बांधून. कुणी हसलं नाही. आमच्या अंगणात आली तेव्हा मी तिला ओवाळलं, पुरणपोळी दाखवली आणि ती आबांनी खाल्ली. इतका छान पोळा मी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी चढावर मोटर करकरली आणि बंद पडली. तीस किलो भाजी ढकलत मी बुलढाण्याला पोचले आणि थेट चंद्रशेखरभाऊंकडे गेले. ते विहिरीच्या मोटरी भरून देतात, म्हणजे जळालेलं तांबं काढून नवं गुंडाळतात. तीस वर्षं तेच काम. त्यांनी सायकल ठेवून घेतली आणि तीन दिवसांनी मी परत गेले तेव्हा माझ्यासमोर मोटर उघडली, तर आत गढूळ पाणी, गंज, आणि हळदीचं लोणी. माझ्याकडे असं पाहिलं की मला जमीन दुभंगावी असं वाटलं. बेअरिंगं गेली होती, लोखंड गंजलं होतं. त्यांनी पाणी काढलं, तांबं पुसलं, मीटर लावला, पुन्हा लावला आणि खुर्चीवर बसले. “बाई, तांब्याले काईच झालं नाई. माह्या हाताखालून हजार मोटरी गेल्या असतीन, असं गुंडाळनं म्या पाह्यलं नाई. हे कोनं केलं?”

आणि मी म्हणाले, पुण्याच्या कारखान्यातून आणलीय.

का म्हणाले? आबांना दिलेल्या शब्दापायी. मोटर बंद पडल्याचं कळलं तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. पोरीनं सहा महिने खपून केलेली वस्तू मी बुडवली, तिला कधी कळू देऊ नको, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. तुझं नाव सांगितलं असतं तर बोलणं गावात आलं असतं, गावातून तुझ्यापर्यंत. दोन बेअरिंगं घालून, फटी नीट बंद करून चंद्रशेखरभाऊंनी सायकल परत दिली आणि ती आजतागायत चालते आहे. बॅटरी एकदा बदलली, टायरांचं तर विचारूच नकोस, पण तुझं तांबं तेच आहे. तू तिकडे स्वतःला नापास समजून बसलीस आणि तुला सांगायची एवढी मोठी गोष्ट मी चार वर्षं पदराला बांधून फिरले. माझं चुकलं. आबांचा मान राखताना मी तुझा राखला नाही.

बुधवारी तुझा फोन आला तेव्हा आबा बाजेवर होते. सायकल जाणार हे ऐकून उठून बसले. मग म्हणाले, “लिव तिले. माह्या हातानं बुडाली अन् तिच्या हातानं वाचली, असंच लिव.” मी लिहिलं. बाबांनी शोरूमला फोन करून गुरुवारच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलंय. तुला नवी स्कूटर द्यायचीच असेल तर बाबांना दे. त्यांना पायडल मारायचा कंटाळा आहे.

पण खरं सांगू, एवढ्यासाठी मी कागद घेऊन बसले नसते. शनिवारी मी चंद्रशेखरभाऊंकडे गेले आणि सांगून टाकलं की ती मोटर कारखान्याची नव्हती, माझ्या मुलीनं कोठीत बसून गुंडाळली होती. ते हातातलं काम टाकून उठले, हात धुतले, मला बसायला खुर्ची दिली. आजवर त्या दुकानात मला कधी खुर्ची मिळाली नव्हती. मग म्हणाले, “तिले इचारा, तारेले पानी लागू नाई म्हून वार्निशाचे हात किती देल्ले? म्या दोन देतो, अन् माह्या मोटरी तीन वर्षांत परत येतेत.” हा त्यांचा प्रश्न तुला पोचवायला मी लिहिते आहे. त्यांनी एका विहिरीची मोटर नव्यानं गुंडाळून टेबलावर ठेवली आहे आणि तुझं उत्तर आल्याशिवाय तिला वार्निश लावणार नाही असा हट्ट धरलाय. ती मोटर आपल्या भाऊरावकाकांची. विहीर तुडुंब भरलेली, वांगी सुकत चाललेली, आणि काका कालपासून दुकानात जाऊन भांडतात, तर त्यांना सांगितलं जातं की देऊळघाटच्या प्रतीक्षाताईंना विचारलंय, थांबा. तेव्हा बाई, लवकर कळव. आणि सुटी मिळाली तर कळवू नकोस, ये आणि त्यांना करूनच दाखव.

तुझीच,
आई