उजेडाकडे धरलेला जॉब

सर, आज सकाळी किचनच्या वरच्या प्रेसमध्ये बल्ब शोधताना लोखंड घासायची तुमची कानस हाती लागली. इथे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. आता आमच्याही तोंडी तेच बसलंय. नागपूरच्या पॉलिटेक्निकात फिटिंगचं शेवटचं प्रॅक्टिकल झालं, त्या दिवशी तुम्ही ती मला दिलीत. माझा जॉब, म्हणजे एकमेकांत बसणारे लोखंडाचे दोन तुकडे, तुम्ही खिडकीच्या उजेडाकडे धरलात आणि सांध्यातून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. वर्षभर ‘काऊन बे, कानस चालवून राहिला का झाडू मारून राहिला?’ असं चारचौघांत विचारणारे तुम्ही, खणातून स्वतःची कानस काढून माझ्या हातात ठेवलीत. तुम्ही गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मी डब्लिनजवळ टॅलाला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या शाळेची चार जणींची टीम रोबो फुटबॉल खेळते, आणि सोल्डरिंग येणारा एकमेव पालक म्हणून मी त्यांचा मेंटॉर. तुम्हाला हा खेळ पटला असता की नाही, सांगता येत नाही. सतरंजीएवढं मैदान, दोन्हीकडे डब्याएवढे दोन-दोन रोबो. रिमोट नाही, सोडले की ते मुलींनी घातलेल्या बुद्धीनेच खेळतात. मॅच सुरू झाली की मेंटॉरने पट्टीबाहेर उभं राहायचं आणि हाफटाइमलाही अवाक्षर काढायचं नाही, असा नियम आहे.

गेल्या शनिवारी स्लायगोला सेमीफायनल होती. हाफटाइम झालाय, आम्ही दोन-शून्यने मागे आहोत आणि दोन्ही गोल आमच्याच रोबोने आमच्यावर चढवलेत. मुली लॅपटॉपमध्ये डोकं घालून कोडमधली चूक शोधताहेत. चूक कोडमध्ये नाहीच. रोबोला दिशा सांगणारा कंपास त्यांनी मॅचआधी लोखंडी टेबलावर ठेवून सेट केला, त्यामुळे त्याला कुठला गोल आपला तेच कळत नाहीये. मला ते लख्ख दिसतंय. वर्षभराचे शनिवार घातलेत पोरींनी यात. मुलगी वळून बघते. “बाबा, प्लीज.”

मी तोंड उघडलं. “टेबल लोखंडाचं आहे गं, कंपास खाली जमिनीवर ठेवून सेट कर.” घरी दूध संपलंय असं सांगावं तशा आवाजात. रेफरी चार हातांवर चहा पीत उभे होते. त्या हॉलमध्ये तिच्याशिवाय कुणालाही हे कळणार नव्हतं, आणि मी त्याच हिशेबाने बोललो होतो. एरवी माझ्या मराठीला ती इंग्रजीत उलट उत्तर देते. या वेळी तिने रोबो उचलून जमिनीवर ठेवला.

आम्ही तीन-दोनने जिंकलो. रेफरी निकालाचा कागद सहीला घेऊन आले, “ग्रँड जॉब, गर्ल्स,” म्हणाले आणि कॅप्टन म्हणून पेन तिच्या हातात दिलं. तिने ते सही न करताच कागदावर ठेवलं.

“माय डॅड टोल्ड मी व्हॉट टु फिक्स,” ती म्हणाली. “इन मराठी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. निकाल फिरला आणि फायनलला दुसरी टीम गेली. खरं सांगतो, मला आधी तिचा राग आला. लाज वाटायला मिनीबस निम्म्या वाटेवर यावी लागली. बाकीच्या तिघी तिच्याशी बोलत नव्हत्या. मी शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, “कशाला सांगितलंस? कुणाला कळलंही नसतं.”

“इट वॉज माय नेम ऑन द शीट, बाबा,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

सोमवारी चौघी पुन्हा लॅबमध्ये एकत्र होत्या. त्यांचं मिटलं. हे पत्र पाठवायला आता पत्ता नाही. असता तरी पोस्टात टाकलं असतं का, शंकाच आहे. तिला दोन मिनिटं लागली, मला तीस वर्षं. सर, तुम्ही उजेडाकडे धरलेला तो जॉब माझा नव्हता. शेजारच्या व्हाइसवर, म्हणजे लोखंड पकडायच्या शिकंज्यावर, काम करणाऱ्या मुलाने तसे दोन जॉब केले होते. त्यातल्या एकावर मी आकडे उमटवायच्या पंचाने माझा रोल नंबर ठोकला. कानस त्याच्या हक्काची आहे.