टोपीतल्या चिठ्ठ्या

प्रिय आई,

मी बरी आहे. मार्च उजाडला तरी इथे बर्फ आहे. तू विणलेले हातमोजे रोज घालते. बाबांचा खोकला थांबला का?

वसंताच्या सुट्टीत आम्ही चौघी मैत्रिणी उन्हातल्या समुद्रावर जाणार आहोत. कुठे, यावर वाद नको म्हणून टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. पाद्रे बेट निघालं. आपला सोरेनदादा बुडाला, तोच किनारा.

आमच्या चौघींतल्या ओडेसाला ते ठाऊक आहे. ती म्हणाली, "राहू दे गं, दुसरी काढू." मी काढू दिली नाही.

किनाऱ्यावर धोक्याचं लाल निशाण असेल तर पाण्यात पाऊल टाकणार नाही. पाच वर्षांत आपल्यापैकी कुणीच तिकडे गेलं नाही, आई.

चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. चारहींवर त्याच बेटाचं नाव होतं.

तुझी,
मारेन