दोघांच्या दोन बंदुका

१० फेब्रुवारी, सोमवार

शेजारच्या झिलिन्स्कींचं गॅरेज फोडलं! भरदिवसा. बर्फ उडवायचं यंत्र नेलं आणि फ्रीझरमधलं हरणाचं सगळं मटण. म्हातारीला यंत्राचं काही नाही, मटणाचं दुःख आहे — मिरी घालून सॉसेज करून ठेवली होती. शेरीफचा माणूस आला, काहीतरी खरडलं, कॉफी प्यायला, गेला. आमच्या रस्त्यावर जेमतेम चार-पाच घरं, आणि बंदूक नसलेलं एकच — आमचं. चोराला अक्कल असती तर तो आधी आमच्याकडे आला असता.

उत्तर विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेली, साठीला टेकलेली दोन माणसं आणि आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही — चारचौघांत सांगायची सोय नाही. माझ्या नवऱ्याचे, ऑरिनचे, वडील पाद्री. त्यांच्या घरात खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा पाप. माझा बाप दरवर्षी शिकारीला जायचा, पण ते ब्रँडी प्यायला.

जेवताना मी सहज बोलून गेले, आपणही एक घ्यावी का. ऑरिननं मान वर केली. ऑक्टोबरात कागदाची गिरणी बंद पडली, तेव्हापासून माझा नवरा खिडकीशी बसून पाखरांसाठी टांगलेल्या दाण्यांकडे बघतो. बोलणं म्हणजे — हं. नको. मीठ दे. हाच तो माणूस, ज्याची बडबड थांबवायला मी उशी फेकून मारायचे! डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, मला काय झालंय. आज म्हणाला, "एक कशाला? दोन घेऊ. तुझी तुला, माझी मला."

अख्खं वाक्य. मोजून बघितलं तर तीन होती. मी त्याला न विचारता आणखी बटाटे वाढले.

११ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीला, नदीनला, फोनवर सांगितलं. खोकला लागेपर्यंत हसली. तुम्ही एकमेकांच्या पायात गोळ्या घालाल म्हणे. तिच्या नवऱ्याकडे, गसकडे, इतक्या बंदुका आहेत की बिचारीचे कोट बाथरूममध्ये लटकतात. वर सल्ला — गसकडून शिकू नकोस, तो ओरडतो. हे मला नव्यानं कळलं की काय!

१५ फेब्रुवारी, शनिवार

गेलो एकदाचे. ऑरिनचं टुमणं होतं की दूर शहरातल्या मोठ्या दुकानात जाऊ. म्हटलं, या बर्फात? रॉलीचं बंदुकांचं दुकान काय वाईट आहे? मासेमारीच्या गळांच्या दुकानापलीकडे तर आहे. पुढं दुकान, मागं नेम धरायची लांबलचक खोली. एरवी रॉलीची बायको बेव्ह मागचं बघते, पण ती थंडीला कंटाळून बहिणीकडे ॲरिझोनाला पळालीय. रॉली एकटाच घामाघूम.

मला बघितल्या बघितल्या त्यानं काचेखालून एक चिमुकलं रिव्हॉल्व्हर काढलं. जांभळ्या मुठीचं! बाईमाणसाला छोटीच बरी, पर्समध्ये मावते, अडतीस कॅलिबरची आहे, हलकी आहे. ऑरिनच्या हातात मात्र हातोड्याएवढं धूड. आधी भाड्यानं घेऊन उडवून बघा म्हणाला, मग ठरवा.

उडवली. एकदाच. बाई गं! हात कोपरापर्यंत झिणझिणला, चष्मा ओठावर आला, आणि तोंडातून जे निघालं ते पाद्र्याच्या सुनेनं बोलायचं नसतं. ऑरिनचं धूड मी भीत भीत धरलं — तर ते शहाण्या गाईसारखं शांत! मग रॉली कान खाजवत सांगतो की बंदूक जितकी छोटी आणि हलकी तितका दणका हाताला जास्त. मोठीचं वजनच दणका गिळतं.

मी विचारलं, "मग मला ही दिलीस कशाला?"

"बायका हीच मागतात."

"मी कुठं मागितली होती?"

आणि ऑरिन हसला. तोंडातल्या तोंडात नाही — भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी वळून नेम धरायला टांगलेल्या कागदी माणसाकडे बघत राहिले, कारण माझ्याही डोळ्यांत आलं होतं आणि ते हसण्याचं नव्हतं. हा आवाज मी विसरत चालले होते.

मनगट सुजलंय. सुजू दे.

१७ फेब्रुवारी

मी दातांच्या दवाखान्यात फोन उचलते, तिथं आज चुकून विषय काढला. चूकच ती! इथं माणसाचं चर्च बदलेल, पण कॅलिबर बदलणार नाही. डॉक्टर पंचेचाळीसवाले — त्याखालचं सगळं म्हणे खारी मारायला. दात साफ करणारी पोरगी नऊ मिलिमीटरची, तिचं म्हणणं पंचेचाळीस हे म्हाताऱ्यांचं खूळ. दोघं पेशंटच्या डोक्यावरून भांडत होते. तो पेशंट तोंडात कापसाचे बोळे घेऊन आडवा, त्यालाही राहवेना. त्यानं बोटं वर केली. आधी तीन, मग आठ.

२० फेब्रुवारी

घरी आले तर ऑरिन ओट्याशी! गाजरं कापून ठेवलेली. ही बारीक चकती बावीस, ही मधली नऊ, हे बुंध्याकडचं जाडजूड पंचेचाळीस. कॅलिबर म्हणजे गोळी किती जाडी एवढंच, बाकी लोकांचा नुसता गवगवा, असं त्यानं मला समजावलं — हातवारे करून, सुरी नाचवत, मधेच गसची नक्कल करत. गिरणीत नव्या पोरांना यंत्र समजावायचा तेव्हा असाच असणार. मग सगळी कॅलिबरं त्यानं सूपमध्ये टाकली. मीठ जास्त झालं होतं. मी दोनदा घेतलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज बावीस उडवली. गोड आहे. आवाज कागद टाचल्याएवढा, दणका नाहीच. मी म्हटलं हीच घेते. ऑरिन म्हणे, चोराचा अपमान होईल.

मग नऊचं पिस्तूल. त्याचा वरचा भाग मागं ओढल्याशिवाय गोळी आत जात नाही, आणि माझा अंगठा तर लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही. ओढ ओढ ओढलं. शेजारी उभा असलेला ढेरपोट्या गालात हसत होता. रॉली म्हणाला, ओढू नकोस — वरचा भाग मुठीत घट्ट धर आणि खालचा हात पुढं ढकल. खटकन झालं! ऑरिननं टाळ्या वाजवल्या, तिथं टाळ्या वाजवत नाहीत तरी.

त्याचा स्वतःचा नेम? आपला कागदी माणूस कोरा करकरीत, आणि भोक पडलं त्या ढेरपोट्याच्या कागदाला. कानात. मग मात्र हसायची पाळी आमची.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे गावातल्या हॉटेलात तळलेले मासे. ऑरिनला गिरणी बंद झाल्यापासून तिथं जायचं नसायचं, सगळे तेच विचारतात म्हणून. आज स्वतःहून जॅकेट चढवलं. आणि टेबलावर भांडण! त्याचं म्हणणं, दोघांनी नऊच घ्यायची — गोळ्यांची डबी एक, त्यात दोघांचं भागतं. मला अडतीसचं रिव्हॉल्व्हर हवं, जांभळं नव्हे, चांगलं जड — त्यात ओढाओढ नाही, अंगठ्याला आराम.

म्हटलं, "आपली टूथपेस्ट एक नाही, आणि म्हणे गोळ्या एक."

"टूथपेस्ट तू मधूनच दाबतेस."

"आणि तू झाकण कुठं टाकतोस?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, सगळी भांडणं ओळीनं निघाली. वाढणारी पोरगी दोनदा येऊन परत गेली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, नळ सोडून. आनंदानं. पाच महिने हा माणूस माझ्याशी भांडलासुद्धा नव्हता, आणि न भांडणाऱ्या नवऱ्याइतकं भयंकर घरात काही नसतं. परत आले तर माझ्या वाटणीचं माशाचं शेपूट त्यानं खाल्लं होतं. त्यावरून पुन्हा!

५ मार्च

नऊ. हरले. नदीनला सांगायचं नाही.

६ मार्च

बंदुका ठेवायला आकड्यांच्या कुलपाची लोखंडी पेटी आणली. ऑरिन म्हणाला, आकडा तू ठरव आणि मला सांगू नकोस. मी म्हटलं, मग चोर आल्यावर तू काय करणार? म्हणे, तुला उठवीन. चोराला थांब म्हणीन, बाईला चष्मा सापडू दे. हसून हसून पोट दुखलं. शेवटी आकडा टाकला आणि खरंच सांगितला नाही. चिडवायला.

११ मार्च

वाईट दिवस. गिरणीची चिमणी पाडली. अख्खं गाव बघायला गेलं होतं, कुणी कुणी तर खुर्च्या घेऊन. ऑरिन गेला नाही. मी कामावरून आले तर खिडकीशी, कॉफीवर साय धरलेली. दाणे संपले होते, पाखरूही नव्हतं. शेजारी बसले. कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हटलं, शनिवारी रॉलीकडे जायचंय ना, तुझे बूट ओले आहेत, हीटरजवळ ठेव. थोड्या वेळानं उठला. ठेवले.

भीती वाटली आज. कशाची ते नीट सांगता येत नाही.

१५ मार्च, शनिवार

ठरलं! दोन्ही नऊ, दोन्ही पोलादी, मध्यम बांध्याच्या — माझ्यासारख्या, असं ऑरिन म्हणाला आणि चापट खाल्ली. त्यातलं रॉलीकडे शिल्लक नव्हतं, मागवून घेतोय. आणि आज ऑरिनच्या सगळ्या गोळ्या आपल्याच कागदी माणसाला लागल्या! गुडघ्याला, पण त्याच्याच. तो कागद फ्रिजवर लावलाय. परतताना गाडी चालवता चालवता तो शिट्टी वाजवत होता, चर्चमधलं काहीतरी, सूर सगळे चुकीचे.

झिलिन्स्कींचा चोर सापडला तर त्याला केक पाठवीन म्हणते. म्हातारीनं त्याच्याकडे मटण परत मागू नये, एवढंच.

२१ मार्च

रॉलीचा फोन — आल्या! ऑरिननं स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री केला. बंदूक आणायला इस्त्रीचा शर्ट. लिपस्टिक मीही शोधून ठेवलीय.

२२ मार्च, शनिवार

बेव्ह परत आलीय. ऑरिन गाडी गरम करायला बाहेर गेला तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाली, "त्याला तुझ्याबरोबर बघून जीव भांड्यात पडला गं. जानेवारीत एकटाच आला होता, भाड्यानं मागत होता. नवखं माणूस, स्वतःची बंदूक नाही, आणि एकटं — तशांना आम्ही देत नाही. तशी माणसं शिकायला आलेली नसतात."

जानेवारीत. तेव्हा झिलिन्स्कींचं गॅरेज शाबूत होतं.

रॉलीला म्हटलं, खोकी उघडू नकोस, परत पाठव. गाडीत जाऊन बसले आणि सरळ विचारलं, जानेवारीत तू इथं जीव द्यायला आला होतास का? ऑरिननं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरच्या स्वतःच्या हातांकडे बघितलं. म्हणाला, "हो. मग तू म्हणालीस, आपण घेऊ. दर शनिवारी वाटायचं, आज तुला सांगावं. पण तू इतकी खूश असायचीस."

घरी गेलोच नाही. जिल्ह्याच्या इस्पितळात आहोत, नदीन निघालीय. तो आत डॉक्टरशी बोलतोय. दार लावू नका म्हणून सांगितलंय मी. इथून त्याचा आवाज ऐकू येतो.