रिलिव्हर आल्याशिवाय

बाबा, आज दुपारी आमच्या कंपनीत माझ्या जागेसाठी मी तयार केलेली एक मुलगी मोठ्या साहेबांसमोर उभी राहिली आणि येत्या वर्षी लोखंडाला मागणी किती राहील हे तिनं असं ठणकावून सांगितलं, की मी मागच्या खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसले, नाहीतर टाळ्याच वाजवल्या असत्या! हे काम इतकी वर्षं माझं होतं. आता ते तिचं झालं आणि मी सुटले. सोमवारपासून मी पुन्हा दुर्गच्या त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणार, जिथून सुरुवात केली होती. कॉलेजनं माझ्यासाठी जागा आजपर्यंतच राखून ठेवली होती. मुलगी अडखळली असती तर साहेबांनी तिला नाकारलं असतं, आणि बदली माणूस नाही म्हणून मला कॉलेजची ती जागा सोडून द्यावी लागली असती. हा हट्ट तुमच्यामुळेच, दुसरं कोण!

स्टील प्लांटच्या सेक्टर सहामधल्या क्वार्टरमधली ती दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलात, जेवायला बसलात. मला रायपूरला सरकारी नोकरी लागल्याचं आई वाढता वाढता सांगते. तुमचा हात भातावरच थांबतो.

“कॉलेजात तुह्या जागेवर कोन आलं?”

“कोणी नाही. बघतील ते.”

“बघतील म्हंजे? भोंगा वाजला तरी पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याबिगर म्या कधी फर्नेस सोडली का? अन् तू पोरायले अर्ध्यात टाकून चालली?”

“बाबा, ते कॉलेज आहे, भट्टी नाही.”

“पोरं तर आहेत न तिथं?”

मी रागानं ताटावरून उठले. केवढी चिडले होते! पण परीक्षेपर्यंत दर रविवारी रायपूरहून येऊन तो वर्ग मीच घेतला, आणि तुम्ही मला स्कूटरवर दुर्गला न्यायचे. तास लांबला तरी गेटवर चौकीदाराशी हिंदीत गप्पा ठोकत बसायचे, कधी कुरकुर केली नाही.

तुम्ही गेल्यावर मी सरकार सोडून कंपनीत निघाले, तेव्हा तर गंमतच झाली. सरकारी ऑफिसात शेजारच्या टेबलाला चार्ज द्यायचा, पेढे वाटायचे आणि निघायचं. मी मात्र हटून बसले, आधी माणूस द्या, मग जाते. साहेब वैतागून म्हणाले, “मॅडम, ये प्लांट नहीं है!” तिकडे कंपनीवाले रोज फोन करून राहिले. शेवटी एक माणूस आला. धानाच्या भावाचं सगळं गणित मी त्याला जीव ओतून समजावलं, आणि महिन्याभरात त्याची बदली झाली! मी एकटीच पोट धरून हसले. हसता हसता रडू आलं, कारण हे ऐकून तुम्ही कसे भडकले असते ते नेमकं दिसत होतं.

मैत्रिणी मला वेड्यात काढतात. एवढी मोठी खुर्ची सोडून खडू हातात घेणार म्हणे. पण बाबा, मला वर्गात उभं राहायचंय. या गावातली पोरं रोज लोखंड बघतात. त्याचा भाव कुठे ठरतो, तो पडला की कोणाच्या घरी काय होतं, हे त्यांच्याशी बोलायचंय. कॉलेज, सरकार, कंपनी, तिन्ही घरचं पाणी पिऊन झालंय, आता सांगण्यासारखं माझ्याकडे खूप आहे. मी इतकी खुशीत आहे की अक्षर वाकडं येऊन राहिलं!

क्वार्टर सुटल्यापासून राहतो त्या कोहक्याच्या घरात आई आत वांगी चिरते आहे. तिला अजून काही माहीत नाही. आधी ती कपाळाला हात लावेल, मग शेजारी सांगत सुटेल. हा कागद कुठल्या पेटीत पडणार नाही, ते मला कळतं. पण आज पहिल्यांदा तिच्या आधी मी तुम्हाला सांगितलं. आणि खरं सांगू? तुम्ही असता तर आजही माझी छाती झाली नसती, मी आईलाच पुढे केलं असतं.