उलटा बाण

प्रिय ठमे,

पत्र उघडल्याबरोबर तू आधी अक्षर बघशील हे ठाऊक आहे, म्हणून सावकाश लिहितोय. रेघ सरळ आली आहे ना? आज एकोणिसावा दिवस. घोटभरसुद्धा नाही. एकोणीस दिवसांचं काय एवढं कौतुक, असं म्हणशील, आणि म्हण खुशाल. पण मी इतका हरखलोय की कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय. घाबरू नकोस, तुझ्याकडे यायची परवानगी मागत नाहीये. बाळ झालं तेव्हा तू बजावलंस की पिणं सुटेपर्यंत दारात पाऊल टाकायचं नाही, आणि ते बरोबरच होतं. नातीची खबरबात तुझ्या आत्याकडून कळते. हल्ली हुंकार देते म्हणे.

मला माणसं सापडली, ठमे! पिणं सोडलेली आणि सोडू पाहणारी, अशी दोन्ही. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला होता: जुनी शाळा, तळमजला, दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता. तीन मंगळवार मी फाटकापर्यंत गेलो आणि काहीतरी विसरल्यासारखा खिसे चाचपत परत आलो. चौथ्या मंगळवारी मनाचा हिय्या करून आत शिरलो. बोळात पाटी होती, ‘सभा’, आणि शेजारी उजवीकडे वळलेला बाण. वाटेत एक वाक्य घोकत आलो होतो, थांबलो असतो तर ते घशातच अडकलं असतं. म्हणून दार ढकललं आणि उंबऱ्यातच बोलून टाकलं, “मी पाट्या रंगवतो, आणि मला दारू सुटत नाही.”

समोर दहा-बारा शिलाई मशिनं खडखडत होती, ती एकदम थांबली. शिवणकामाचा वर्ग! शिकवणाऱ्या बाईंनी तोंडातल्या टाचण्या शांतपणे काढल्या आणि म्हणाल्या, “ते डावीकडे, समोरच्या खोलीत. पाटीवरचा बाण उलटा आहे. महिन्यातून दोघं-तिघं तरी येतात असे.” आणि मला हाताला धरून पोचवायला निघाल्या. मी शरमेने लाल. कुठल्या गाढवाने रंगवली ही पाटी, असं मनात म्हणत वर पाहिलं, तर शेवटच्या अक्षराखाली शेपटीसारखी लांब रेघ. ती शेपटी काढणारा गाढव साऱ्या गावात एकच आहे. ते काम मी कधी केलं, कुणासाठी केलं, मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पाटी तीन वर्षांपूर्वी लागली, बाईंनी सांगितलं. म्हणजे तीन वर्षं मी माझ्यासारख्या माणसांना शिवण शिकायला पाठवत होतो.

खोली बालवर्गाची निघाली. वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर नऊ मोठी माणसं, सगळ्यांचे गुडघे हनुवटीला टेकलेले. एक निवृत्त पोस्टमन सभा चालवतात. उपदेश कुणीच करत नाही, हे मला फार आवडलं. मी पाटीची हकिगत सांगितली तर माणसं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला हसत नव्हती, ठमे, माझ्याबरोबर हसत होती. हा फरक मी विसरूनच गेलो होतो. मी म्हटलं, उद्याच रंग घेऊन येतो आणि बाण सुधारतो. पोस्टमन म्हणाले, मुळीच नाही. शिवणाच्या वर्गात जो एकदा बोलून आला, त्याची इथे येईपर्यंत अर्धी भीती सरलेली असते. तेव्हा बाण तसाच राहिला. मी मात्र एकही मंगळवार चुकवला नाही.

काल तिथली एक नर्स बोलली. म्हणाली, दारू बंद झाली तरी दारूसाठी सांगितलेलं खोटं ऐकणाऱ्याच्या अंगात राहतं, ते आपण जाऊन काढायचं असतं. मला तूच आठवलीस. कारण त्याच दुपारी तुझी आत्या सहज बोलून गेली होती की तू अजून बाळाला स्वतः आंघोळ घालत नाहीस, म्हणतेस, “माझ्या हातून निसटेल, मी पहिल्यापासूनच धसमुसळी.”

म्हणून हे पत्र. तू नऊ वर्षांची होतीस, सुट्टी होती म्हणून माझ्याबरोबर कामावर आलीस आणि शिडीवरून पडून हात मोडलास. मी घरी सांगितलं की मी रंग कालवत होतो आणि कार्टी न विचारता वर चढली. आई तुला प्लॅस्टरसकट रागावली. तुला पडल्याचं धड आठवत नव्हतं. बाबा म्हणतोय म्हणजे तसंच असणार, असं समजून तू चूक कबूलही केलीस. ठमे, तुला मीच चढवलं होतं, रेघ आखायचं सूत धरायला. शिडी मी धरली होती, आणि बाटली काढण्यासाठी सोडली. तू धसमुसळी नव्हतीस, कधीच नव्हतीस. हे वाचून दार कायमचं लावावंसं वाटलं तर लाव, मी कुरकुर करणार नाही. पण उद्या सकाळी तिला आंघोळ तूच घाल. तिला काही होणार नाही. त्या दिवशी सुटला तो माझा हात होता.

तुझाच, आणि आज पूर्ण शुद्धीत,
बाबा