शाई माझ्याच मशीनमध्ये, पण माझी नाही

मंगळवार, संध्याकाळ, कारेगाव

दुकानातल्या प्रिंटरच्या शाईचा मासिक प्लॅन, म्हणजे दरमहा पैसे भरले की कंपनी शाई पाठवते तो, पुन्हा महागला, म्हणून सकाळी रागानं बंदच केला. वाटलं, आतली शाई संपेपर्यंत दुसरं काहीतरी बघू. रागानं केलं तेच चुकलं का?

दुपारी इनामगावचे आबा नातीचं हॉलतिकीट काढायला आले, तर प्रिंटर ढिम्म. प्लॅन नाही तर ही शाईही चालणार नाही, असं स्क्रीनवर आलं.

आबांनी वाकून पाहिलं. "शाई तर भरलेली हाय की गं."

"हाय आबा, पण ती कंपनीची."

"मशीन तुझी, दुकान तुझं, आन् शाई तुझी न्हाई व्हय?"

समोरच्या दुकानात पाठवलं त्यांना. भरलेली शाई तशीच आत.

शिरूरच्या प्रिंटरवाल्याला फोन करून चौकशी केली. टाकीवाल्या प्रिंटरला शाई स्वस्त पडते, पण तो घ्यायलाच आत्ता जमणार नाही. बाहेरची शाई माझं मशीन घेत नाही. उद्या भरतीचे अर्ज भरायला कामगारांची रांग लागेल.

शेवटी वाढीव दरानं प्लॅन पुन्हा सुरू केला. लगेच मेसेज आला, 'परत आल्याबद्दल आभार.'

सुटले कधी होते मी?